उंच निवासी इमारतींचे व्यवस्थापन व सदनिकाधारकांचे समाधान

अनेक स्वतंत्र सदनिका असलेल्या बहुमजली इमारतीतील सामाईक जागा, यंत्रणा व सेवा यांची देखभाल, त्यांवरील खर्चाची आकारणी आणि रहिवाशांच्या परस्परसंबंधांचे नियमन या सर्वांना मिळून इमारतीचे व्यवस्थापन अशी संज्ञा आहे. जिना, उद्‌वाहक (लिफ्ट), जमिनीखालील व गच्चीवरील पाण्याच्या टाक्या, पंप, सांडपाण्याचे नळ, अग्निशमन यंत्रणा, गच्ची, वाहनतळ, कुंपण व इमारतीखालची जमीन यांचा सामाईक बाबींत अंतर्भाव होतो. सदनिकेच्या चार भिंतींत मालक स्वतंत्र असतो. दाराबाहेर मात्र तो सर्वस्वी सामाईक व्यवस्थेवर अवलंबून असतो. इमारत जितकी उंच, तितके हे अवलंबित्व वाढते. दोन मजली घरात पंप बिघडल्यास बादलीने पाणी नेता येते. विसाव्या मजल्यावर तो मार्ग उरत नाही. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मी. वा त्याहून अधिक उंचीची इमारत उंच इमारत मानली आहे.

व्यवस्थापनाविषयी सदनिकाधारकाला वाटणारे समाधान हे त्याची अपेक्षा व त्याचा प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतरावर ठरते, असे गृहनिर्माणाचे अभ्यासक सामान्यतः मानतात. स्वच्छता, पाणीपुरवठा, लिफ्ट, सुरक्षितता, तक्रारींची दखल व आकारणीचा चोखपणा हे त्याचे नेहमीचे निकष होत. तथापि या निकषांच्या मुळाशी एक अधिक जुना प्रश्न आहे : सामाईक मालमत्तेवर अंतिम सत्ता कोणाची? भारतात हा प्रश्न सर्वांत प्रदीर्घ काळ व सर्वांत तीव्रतेने मुंबईत गाजला. तेथे ही सत्ता प्रथम घरमालकाकडे, नंतर बांधकाम व्यावसायिकाकडे आणि अखेरीस कायद्याने रहिवाशांच्या संस्थेकडे आली. प्रत्येक संक्रमणात काही ना काही मागे राहिले आणि सदनिकाधारकांच्या असंतोषाचा इतिहास हा बव्हंशी या मागे राहिलेल्या गोष्टींचा इतिहास आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मुंबईच्या संदर्भात त्याचा आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्यांच्या वाढीबरोबर मुंबईत श्रमिकांची दाटी झाली आणि चाळ हा निवासाचा प्रकार रूढ झाला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन करण्यात आले. पुढे १९२० मध्ये सरकारने स्थापिलेल्या विकास विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तत्कालीन डिलाइल रोड) व शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. या विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या बी. डी. डी. चाळी म्हणून ओळखल्या जातात. चाळीत व्यवस्थापन म्हणजे घरमालकाने वा सरकारी खात्याने केलेली देखभाल. भाडे गोळा करणारा भैया वा मुनीम हा रहिवासी व मालक यांमधील एकमेव दुवा असे. सामाईक नळ, शौचकूप व सज्जा यांबाबत रहिवाशांत आपसांत अलिखित नियम असत. परंतु दुरुस्ती कधी करावयाची व तीवर किती खर्च करावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई वाढली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने जुन्या इमारतींचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीशी निगडित केले. भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण लाभले. पण भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च भागेना आणि घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. अधिकृत भाड्याऐवजी आगाऊ रक्कम घेण्याची पागडीची पद्धत बळावली. घरे कोसळून जीवितहानी होऊ लागल्यावर १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासंबंधीचा अधिनियम करण्यात आला व शहर भागातील जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांची दुरुस्ती सरकारी मंडळाकडे सोपविण्यात आली. अशा उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या सु. १९,६०० होती. १९७७ मध्ये हे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे (म्हाडा) आले. भाडेकरूला सुरक्षितता आहे परंतु अधिकार नाही आणि मालकाला अधिकार आहे परंतु स्वारस्य नाही, अशा स्थितीत इमारतीचे काय होते, याचा धडा या जुन्या घरांनी दिला.

सहकारी गृहरचनेचा प्रारंभ : भाडेकरूंनी स्वतःच आपल्या घरांचे मालक व्हावे, ही कल्पना सहकारी चळवळीतून आली. १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमात फक्त पतपुरवठ्याच्या संस्थांची तरतूद होती. १९१२ च्या अधिनियमाने इतर प्रयोजनांसाठीही सहकारी संस्था नोंदविणे शक्य झाले. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. मुंबईतील सहकारी गृहरचनेचा प्रारंभ तिच्यापासून मानतात. तालमकी यांना भारतातील सहकारी गृहनिर्माण चळवळीचे जनक म्हणतात.

ही संस्था भाडेकरू-सहभागीदारी पद्धतीची होती. जमीन व इमारती संस्थेच्या मालकीच्या; सभासद हे एकाच वेळी संस्थेचे भागधारक व तिचे भाडेकरू. देखभालीचा निर्णय सभासदांच्या सभेत होई व तो अमलात आणणारी समिती सभासदांतूनच निवडली जाई. सभासद परस्परांना ओळखत, बहुधा एकाच ज्ञातीचे वा एकाच नोकरीपेशातले असत आणि इमारती मध्यम उंचीच्या असत. या घटकांमुळे कारभार सुकर होई. महत्त्वाची गोष्ट अशी की, संस्था आधी स्थापन होई व इमारत नंतर उभी राही. जमीन प्रथमपासूनच संस्थेच्या नावे असल्याने पुढे ज्याला अभिहस्तांतरण म्हणू लागले, त्याचा प्रश्नच उद्‌भवत नसे.

मालकी हक्काच्या सदनिका : स्वातंत्र्योत्तर काळात हा क्रम उलटा झाला. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली, भाडेनियंत्रणामुळे भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे परवडेनासे झाले आणि बांधकाम व्यावसायिक इमारत बांधून तिच्यातील सदनिका एकेकट्याने विकू लागले. ग्राहक आधी आगाऊ रक्कम भरी, इमारत नंतर उभी राही व रहिवाशांची संस्था सर्वांत शेवटी अस्तित्वात येई. या मधल्या काळात इमारतीचा सर्व कारभार व्यावसायिकाच्या हाती असे. मंजूर नकाशात परस्पर फेरफार करणे, ताबा लांबविणे, आगाऊ रकमा अन्यत्र वापरणे, कर न भरणे आणि जमिनीची मालकी स्वतःकडेच ठेवणे, अशा तक्रारी वाढल्या.

त्यांवर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनाने १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘मोफा’ या नावाने परिचित आहे. प्रवर्तकाने जमिनीवरील आपला हक्क व मंजूर नकाशे उघड करावेत, खरेदीदाराशी लेखी करार करून तो नोंदवावा, घेतलेल्या रकमांचा स्वतंत्र हिशेब ठेवावा, खरेदीदारांच्या संमतीविना नकाशात बदल करू नये आणि मालमत्ता हस्तांतरित होईपर्यंतचे कर व देणी भरावीत, अशा तरतुदी त्यात आहेत. सदनिका घेणाऱ्यांची किमान आवश्यक संख्या पूर्ण झाल्यापासून चार महिन्यांत सहकारी संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करणे व अन्य मुदत ठरली नसल्यास संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नावे करून देणे प्रवर्तकावर बंधनकारक करण्यात आले. पाणी, वीज, लिफ्ट यांसारख्या आवश्यक सेवा व्यवस्थापनाने सबळ कारणाविना तोडू वा कमी करू नयेत, अशीही तरतूद आहे. सेवा बंद करणे हे रहिवाशाला नमविण्याचे प्रभावी साधन ठरते, याची ही कायदेशीर कबुलीच होय.

तुलना : याच सुमारास उंच निवासी इमारतींची मालकी हा प्रश्न अन्य देशांतही पुढे आला. प्वेर्त रीको येथे १९५८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९६१ मध्ये व सिंगापूरमध्ये १९६७ मध्ये सदनिकांच्या स्वतंत्र मालकीविषयी कायदे झाले. न्यू साउथ वेल्सच्या पद्धतीत इमारतीचा नकाशा नोंदविला जाताच सर्व सदनिकाधारकांची निगम संस्था आपोआप अस्तित्वात येते आणि सामाईक मालमत्ता तिच्याकडे जाते. त्यासाठी विकसकाच्या स्वतंत्र दस्तऐवजाची गरज राहत नाही. हाँगकाँगमध्ये १९७० च्या कायद्याने सदनिकाधारकांना निगम संस्था स्थापन करण्याची मुभा दिली. तथापि इमारतीचा पहिला व्यवस्थापक विकसकाने केलेल्या परस्पर करारपत्राद्वारे नेमला जात असल्याने, तो बदलण्याचा अधिकार हा तेथील रहिवाशांच्या असंतोषाचा प्रमुख विषय राहिला.

महाराष्ट्रात १९७० मध्ये अपार्टमेंट मालकी अधिनियम संमत झाला. त्यानुसार घोषणापत्र नोंदविल्यावर प्रत्येक सदनिकाधारक आपल्या सदनिकेचा पूर्ण मालक व सामाईक जागेतील ठराविक अविभक्त हिश्श्याचा धनी होतो. सामाईक खर्चही त्या हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. सहकारी संस्थेत मात्र इमारतीची मालकी संस्थेकडे व सभासदाकडे भागपत्रासह भोगवट्याचा हक्क असतो. दोन्ही पद्धती राज्यात चालू असल्या, तरी मुंबईत सहकारी संस्थेचीच पद्धत प्रामुख्याने रुजली. तिचे नियमन १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वये होते. बोलभाषेत ‘सोसायटी’ हा शब्द इमारत, तिची समिती व तेथील शेजार या तिन्ही अर्थांनी वापरला जातो, यावरून या पद्धतीचा प्रसार ध्यानात येतो.

इमारतींची वाढती उंची : १९३० नंतर मरीन ड्राइव्ह परिसरात बांधलेल्या इमारती साधारणतः पाच-सहा मजल्यांच्या होत्या. १९६० नंतरच्या दशकात कारमायकेल मार्गावरील ‘उषा किरण’ ही सु. पंचवीस मजल्यांची निवासी इमारत उभी राहिली. चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ (१९८३) ही २८ मजल्यांची असून तिच्यात ३२ सदनिका आहेत. प्रारंभीच्या या उंच इमारती धनिकवर्गासाठी होत्या व सभासद थोडे असल्याने त्यांचा कारभार आटोपशीर होता.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हे चित्र पालटले. हस्तांतरणीय विकास हक्क, उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र आणि गिरण्यांच्या जमिनींचा विकास यांमुळे परळ, वरळी, ताडदेव या भागांत व उपनगरांतही मनोरे उभे राहिले. ताडदेव येथील इम्पीरियल टॉवर्स (२०१०) हे जोडमनोरे सु. साठ मजल्यांचे असून ते झोपडपट्टी पुनर्वसनाखालील जमिनीवर उभे आहेत. शेकडो सदनिका, अनेक लिफ्ट, जनित्रे, सांडपाणी शुद्धीकरण यंत्रे व दाबनियंत्रित जलवाहिन्या असलेल्या या संकुलांचा कारभार एखाद्या लहान नगरपालिकेसारखा झाला. तो चालविणारी समिती मात्र पूर्वीप्रमाणेच मानद राहिली.

समितीचा कारभार व आकारणी : संस्थेची सर्वोच्च सत्ता सर्वसाधारण सभेत असते. ती निवडून देते त्या व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष विनावेतन काम करतात. सचिवावर पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, सभासद नोंदवही, नोकरांची देखरेख व शेजाऱ्यांच्या तक्रारी असे बहुविध भार पडतात. बहुतेक सभासद वर्गणी भरून मोकळे होतात व सभेस गणपूर्तीही होत नाही. मग गैरव्यवहाराचा संशय व निवडणुकीतील गट यांना वाव मिळतो. संस्था व सभासद यांतील तंट्यांसाठी सहकार न्यायालय व प्रशासकीय बाबींसाठी उपनिबंधक अशी व्यवस्था आहे. पण तिचा आश्रय घेणारे वाद वर्षानुवर्षे रेंगाळतात.

मासिक आकारणी (मेंटेनन्स) हा असंतोषाचा सर्वांत ठळक विषय होय. शासनाच्या आदर्श उपविधींनुसार मालमत्ता कर मनपाच्या आकारणीप्रमाणे, पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येनुसार व आकारानुसार आणि लिफ्ट व सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, अशी वाटणी आहे. दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०·७५ टक्के व दीर्घ मुदतीच्या राखीव निधीसाठी (सिंकिंग फंड) किमान ०·२५ टक्के रक्कम घ्यावयाची असते. मोठ्या सदनिकेने अधिक सेवाशुल्क द्यावे की नाही, यावर वरळीतील एका संस्थेत वाद झाला. पहारेकरी, झाडलोट व कार्यालय यांचा लाभ सर्वांना सारखाच मिळतो, या कारणास्तव क्षेत्रफळानुसार सेवाशुल्काची आकारणी मुंबई उच्च न्यायालयाने सु. २००३ मध्ये अमान्य केली. अपार्टमेंट अधिनियमाखालील इमारतींत मात्र हिश्श्यानुसार वाटणी होत असल्याने, दोन शेजारच्या इमारतींतही न्यायाची कल्पना वेगवेगळी असू शकते.

सदनिका भाड्याने देणाऱ्या सभासदांकडून संस्था जबर रकमा घेत असत. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशाने बिनभोगवटा शुल्कावर सेवाशुल्काच्या १० टक्के अशी कमाल मर्यादा घालण्यात आली व २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बहुमताचा निर्णयही अल्पसंख्य सभासदांवर अन्याय करू शकतो, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. वाहनतळाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, खांबांमधील मोकळा वाहनतळ ही सदनिका नसल्याने प्रवर्तकाला तो स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निर्णय दिला. तोवर असंख्य रहिवाशांनी आपल्याच सामाईक जागेसाठी निराळे पैसे मोजले होते.

अभिहस्तांतरणाचा प्रश्न : १९६३ च्या अधिनियमातील चार महिन्यांची मुदत कागदावरच राहिली. पुढे चटईक्षेत्र वाढेल व त्याच भूखंडावर आणखी बांधता येईल, या अपेक्षेने अनेक प्रवर्तकांनी जमिनीची मालकी संस्थांना दिलीच नाही. काहींच्या बाबतीत मूळ जमीनमालकाशी तंटे होते, तर काही व्यवसायातून नाहीसे झाले. परिणामतः हजारो सदनिकाधारक आपापल्या घरांचे मालक, परंतु घराखालच्या जमिनीचे कोणीच नाहीत, अशा स्थितीत राहिले. दैनंदिन जीवनात ही उणीव जाणवत नाही. इमारत जीर्ण होऊन पाडावी लागते, त्या दिवशी तिची खरी किंमत कळते. कारण तेव्हा सदनिका उरत नाही व जमीन दुसऱ्याच्या नावे असते. या दुखण्यावर २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाचा उपाय योजण्यात आला. प्रवर्तक दस्तऐवज करून देत नसल्यास संस्थेच्या अर्जावर सक्षम प्राधिकारी, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सुनावणी घेऊन तसे प्रमाणपत्र देतो व त्याच्या आधारे मालकीची एकतर्फी नोंदणी होते.

परवानगीविना उभारलेल्या मजल्यांमुळे रहिवाशांवर याहूनही बिकट प्रसंग ओढवला. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात १९८० नंतरच्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असताना काही इमारती बऱ्याच अधिक उंच बांधण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वरचे मजले बेकायदेशीर ठरविले व जून २०१४ मध्ये त्या मजल्यांवरील सदनिकांचा पाणी, वीज व गॅसपुरवठा तोडण्यात आला. पंचवीस-तीस वर्षे नियमाने कर व वर्गणी भरणाऱ्या कुटुंबांना, भोगवटा प्रमाणपत्रावाचून चांगले व्यवस्थापनही निराधार असते, हे त्यातून कळून आले.

यंत्रणा व सुरक्षितता : मुंबईत महापालिकेचे पाणी दिवसातील ठराविक तासच येते. ते जमिनीखालील टाकीत साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. म्हणून पंप व टाकीची सफाई हा व्यवस्थापनाचा पहिला धर्म ठरतो. लिफ्टसाठी १९३९ च्या मुंबई उद्‌वाहक अधिनियमान्वये परवाना व तपासणी आवश्यक होती. २०१७ मध्ये त्याजागी सरकते जिने व सरकमार्ग यांचाही समावेश असलेला नवा राज्य अधिनियम आला. अग्निसुरक्षेसाठी २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार मालकाने वा भोगवटादाराने परवानाधारक अभिकरणाकडून यंत्रणा तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, प्रमाणपत्र सादर करावयाचे असते.

तथापि आग ही क्वचित घडणारी घटना असल्याने तिच्यावरील खर्च सभेत सर्वांत आधी पुढे ढकलला जातो. २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवर या इमारतीस लागलेल्या आगीत चार जण मरण पावले. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नसल्याचे तेव्हा अग्निशमन दलास आढळले. आश्रय क्षेत्रात सामान रचणे, जिन्यात सायकली व चपलांची कपाटे ठेवणे, सज्जे बंदिस्त करणे या गोष्टी रहिवाशांना सोयीच्या वाटतात व त्यांना हरकत घेणारा सचिव अप्रिय होतो. समाधान व सुरक्षितता या नेहमीच एका दिशेने जात नाहीत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. कमी वर्गणीमुळे आज समाधानी असलेली इमारत उद्याच्या दुरुस्तीचा बोजा पुढील पिढीवर टाकत असते. आदर्श उपविधींनी पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी व त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण सुचविले आहे, ते याच कारणास्तव.

व्यावसायिक व्यवस्थापन : मोठ्या संकुलांत पहारा, स्वच्छता, यंत्रांची निगा व हिशेब ही कामे पगारी व्यवस्थापक वा कंपनी यांकडे सोपविण्याची पद्धत गेल्या काही दशकांत वाढली. यामुळे मानद समितीचा भार हलका होतो व तांत्रिक कामात नियमितपणा येतो. उलटपक्षी खर्च वाढतो, कंत्राटी कामगार वारंवार बदलतात आणि व्यवस्थापक विकसकाशी संबंधित असल्यास त्याची निष्ठा कोणाशी, हा प्रश्न निर्माण होतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये रहिवाशांची संस्था कारभार हाती घेईपर्यंत वाजवी आकारात आवश्यक सेवा पुरविण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष त्याने विनामूल्य दूर करावयाचे असतात. महाराष्ट्रात या कायद्याचे प्राधिकरण (महारेरा) १ मे २०१७ पासून कार्यरत आहे. सहकाराच्या क्षेत्रात २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण अधिनियमात घालण्यात आले आणि २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना समितीची निवडणूक स्वतः घेण्याची मुभा मिळाली. साखर कारखाना व वीस बिऱ्हाडांची सोसायटी यांना एकच मापदंड लावण्याची जुनी अडचण यामुळे अंशतः दूर झाली.

पुनर्वसनाच्या इमारती : १९९५ मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत पात्र कुटुंबास प्रथम २२५ चौ. फुटांची सदनिका विनामूल्य देण्यात येई व देखभालीसाठी विकसकाकडून दर सदनिकेमागे प्रारंभी २०,००० रु. इतकी ठेव घेतली जाई. घर पक्के झाले. परंतु लिफ्टचे व पंपाचे वीजबिल, मालमत्ता कर व दुरुस्ती यांचा मासिक भार अनियमित उत्पन्नाच्या कुटुंबांना जड जातो. वर्गणी थकली की लिफ्ट बंद पडते व वरच्या मजल्यावरील वृद्ध आणि आजारी माणसे घरातच अडकतात. बैठ्या वस्तीत उंबऱ्याशी चालणारे व्यवसाय व शेजार यांनाही अशा इमारतींत जागा उरत नाही. घराची किंमत शून्य असली, तरी उंचीची किंमत दरमहा द्यावी लागते.

मूल्यमापन : सदनिकाधारकांचे समाधान तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचे या इतिहासावरून दिसते. पहिली, जमीन व इमारत निर्विवादपणे संस्थेच्या नावे असणे. दुसरी, चालू खर्चाचा उघड हिशेब व भावी दुरुस्तीसाठी पुरेसा निधी असणे. तिसरी, निर्णयात प्रत्येक सभासदास बोलण्याची संधी असून अल्पमतालाही संरक्षण असणे. सारस्वत संस्थेत १९१५ मध्ये जमीन प्रथमपासून संस्थेची होती व इमारतींच्या मध्यम उंचीमुळे आणि परस्पर ओळखीमुळे उरलेल्या दोन गोष्टी सुलभ होत्या. नंतरच्या कायद्यांचा दीर्घ प्रवास म्हणजे अनोळखी खरेदीदारांच्या उंच इमारतीत याच तीन गोष्टी नियमाने निर्माण करण्याचा प्रयत्न होय. कायद्याने पहिली बरीचशी साध्य होऊ शकते, दुसरी काही अंशी; तिसरी मात्र सभासदांच्या उपस्थितीवाचून साध्य होत नाही.

जुन्या इमारतींचे आयुष्य संपत आल्याने या प्रश्नास आता नवे महत्त्व आले आहे. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने २००९ मध्ये मार्गदर्शक कार्यपद्धती ठरवून दिली व २०१९ मध्ये ती सुधारली. निविदा, सर्वसाधारण सभेचा ठराव व सल्लागाराची नेमणूक या टप्प्यांवर सभासदांचा सहभाग त्यात अपेक्षित आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना सु. चाळीस मजल्यांच्या मनोऱ्यांतील ५०० चौ. फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या देण्यात आल्या. शंभर वर्षे सरकारी भाडेकरू असलेली ही कुटुंबे एकाच वेळी मालक व व्यवस्थापक होत आहेत. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा व राखीव निधी यांची जबाबदारी पेलण्यासाठी त्यांना कोणती मदत मिळते, यावर मुंबईतील उंच निवासाच्या पुढील टप्प्याचे यशापयश मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.